मापाचा डोळा

मी मोठा डोळा बसवल्याशिवाय माझ्याकडची मुले वाढत नाहीत. अपघातात डोळा गेलेल्या मुलांना मी नकली डोळे बसवते. खोबणीत मेण घालून माप घ्यायचे, प्लास्टिकचा डोळा घडवायचा, शाबूत डोळ्याकडे बघत त्यावर बुबुळ रंगवायचे. वर्षाने अर्धा मिलिमीटर मोठा डोळा बसवला की जिना उतरेपर्यंत मुलाच्या चपला तोकड्या होतात. सोलापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईबाप येतानाच एक माप मोठ्या चपला पिशवीत घालून आणतात.

महानंदाबाई बिराजदारांनी दुसऱ्या वर्षी चपला आणल्या नाहीत. त्यांची शिवलीला नऊ वर्षांची होती. त्या गिरणीत दळण आणायला गेल्या असताना गल्लीत तिच्या डोळ्याला विटी लागली होती.

"मोठा नको, ताई," त्या म्हणाल्या. "आहे तोच घासून लहान करा."

"मग ती लहान होईल."

"होऊ दे की. मोठी झाली की बाहेर जाते."

शिवलीला खुर्चीत बसून पाय हलवत होती. "मला पाचवीत जायचंय, मावशी," ती म्हणाली.

"तिचं काय ऐकताय," महानंदाबाई म्हणाल्या.

आई सांगेल तसे करावे, असे मी स्वतःला समजावले आणि पॉलिशचे चाक सुरू केले. जाताना शिवलीलाचा फ्रॉक घोट्यापर्यंत आला होता.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. मी पुन्हा घासला. शिवलीलाचे पुढचे दोन दात हिरडीत परत गेले. त्यानंतर ती अक्षरे विसरली. महानंदाबाईंची तब्येत मात्र सुधारत होती. "आता झोप लागते," त्यांनी सांगितले. दर खेपेला त्या माझ्यासाठी घरची शेंगाचटणी आणत.

एकदा त्या हात धुवायला मोरीत गेल्या. शिवलीला तेव्हा तीन वर्षांची होती. तिने खुर्चीवरून वाकून माझ्या ट्रेमधला एक मोठा डोळा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"हा बसव," ती म्हणाली. "लवकर."

तो कॉलेजातल्या एका मुलीसाठी केलेला होता. मी खोबण बघितली. जरा जोर लावला असता तर तो बसला असता. मोरीतला नळ बंद झाला.

"हा तुला होत नाही," मी म्हणाले आणि तिच्या मुठीतून तो काढून घेतला.

ती रडली नाही. एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मी जरा जास्तच घासला. पुढच्या खेपेला तिला मावशी म्हणता येत नव्हते.

मग इतर आयाही येऊ लागल्या. कुणाच्या मुलाला फटाका लागला होता, कुणाच्या मुलीला बैलाचे शिंग. कुणाच्याच पिशवीत चपला नव्हत्या. त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसत, मांडीवर गुंडाळलेली मुले घेऊन. मला बाहेर पडायचे झाले तर त्यांना ओलांडून जावे लागले असते. त्या सरकत नसत. मी दुकानातच राहू लागले.

आज महानंदाबाई आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. मी विचारले, "शिवलीला कुठाय?" त्यांनी पदराची झोळी उघडून दाखवली. डोळा आता मुगाच्या दाण्याएवढा होता.

"अजून थोडा," त्या म्हणाल्या.

"आणखी घासला तर काही उरणार नाही."

"माझ्याजवळ उरेल."

मी तो काढायला झोळीत हात घातला. डोळा निघाला, पण हात निघेना. शिवलीलाने माझी करंगळी पकडली होती. तिची मूठ केवढीशी, पण पकड नऊ वर्षांच्या मुलीची होती. मी हात ओढला. तिने सोडले नाही.

"मला दोन्ही हात लागतात," मी म्हणाले.

"थांबा," महानंदाबाई म्हणाल्या आणि खाली वाकून, अजिबात घाई न करता, तिचे एकेक बोट सोडवू लागल्या.