मुलाखतीतच बंद पडणारा लॅपटॉप

माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप फक्त मुलाखतीतच बंद पडायचा. एरवी त्यावर पुलांचे अवजड आराखडे उघडे असायचे, सिनेमे चालायचे, सासूबाई आपल्या बहिणीशी तासन्‌तास व्हिडिओवर बोलायच्या, तेव्हा त्याला धाड भरत नसे. मुलाखत सुरू झाली रे झाली की पडदा काळा. इतकी अचूक वेळ साधणारं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्याचं ऑफिस बंद झाल्यापासून तीन कंपन्यांनी असाच अर्ध्यात तुटलेला कॉल पाहून पुढे काही कळवलंच नव्हतं. चौथीच्याही मुलाखतीत तेच झालं, पण ती जरा माणुसकीची निघाली. तिने पुन्हा वेळ दिली, आज दुपारी बाराची. मेलच्या शेवटी लिहिलं होतं, या वेळी मशीन आधी तपासून घ्यावं, यानंतर वेळ देता येणार नाही. पुलांचे आराखडे करणारी पाचवी कंपनी आमच्या शहरात नव्हती.

माझं पोट लॉग वाचण्यावर चालतं. सर्व्हर कोलमडला की शेवटच्या क्षणापर्यंत त्याने जे जे टिपून ठेवलेलं असतं, ते वाचून मी कारण शोधते. असं असताना हा माणूस आपला लॅपटॉप माझ्या हाती द्यायला तयार नव्हता. "जाऊ दे गं, नवीनच घेऊ," हेच पालुपद. घरात शिंपी असताना फाटका शर्ट टाकून देण्यातला हा प्रकार. शेवटी आज सकाळी मी रजा टाकली, लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला आणि त्याला बजावलं, "तू आत जाऊन तयारी कर. याचं मी बघते."

तो काहीतरी म्हणणार होता. मग वळून आत गेला.

सासूबाई समोर मटार सोलत बसल्या होत्या. "तापत असेल," त्या म्हणाल्या. "पंख्यात धूळ गेली असेल."

"बघितलं, आई. तापमान ठीक होतं."

"मग कॅमेऱ्याचं काहीतरी असेल. कॅमेरा लावला की बंद पडतो ना?"

मुद्दा बिनतोड होता. मी कॅमेरा चालू केला, माइक चालू केला, वर दोन मोठे आराखडे उघडले आणि त्याला तसाच राबवत ठेवला. मेमरीची चाचणी लावली, तीही निर्विघ्न पार पडली. तोवर दहा वाजून गेले होते. लॅपटॉप ढिम्म चालू होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कारण सापडलं नाही तर बारा वाजता पुन्हा तेच होणार, आणि त्यानंतर हा माणूस त्या खोलीतून बाहेर येईल तेव्हा त्याचा चेहरा कसा असेल, ते मी चारदा पाहिलं होतं. पाचव्यांदा पाहायची माझी तयारी नव्हती.

मी लॉग पुन्हा पहिल्यापासून काढले. मशीन आपल्या चुकीने कोलमडतं तेव्हा मरता मरता एक कोड मागे ठेवतं. इथे चारही वेळा कोडच्या जागी शून्य होतं. म्हणजे वीज गेली म्हणावी, तर बॅटरी भरलेली. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी त्या नोंदीचे सगळे तपशील उघडले. तिथे खाली एक आकडा असतो, त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही. बंद करायचं बटण कोणी दाबून धरलं असेल तर त्यात वेळ उमटते, नाहीतर तिथेही शून्यच असतं.

तिथे शून्य नव्हतं. चारही नोंदींत नव्हतं.

लॅपटॉप बंद पडत नव्हता. तो बंद केला जात होता, बटण नीट दाबून धरून. आणि मुलाखतीच्या वेळी त्या खोलीत एकच माणूस असायचा, दार आतून लावलेलं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. माझा चेहरा बदलला असणार.

"काही नाही, सापडलं," मी म्हणाले आणि लॅपटॉप घेऊन आत गेले. दार लावून घेतलं.

तो इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी उभा होता. मला आधी राग आला, हे खरं आहे. माझ्या डोळ्यांत धूळफेक केली म्हणून आला, लॉग वाचणाऱ्या बाईच्या नवऱ्याने बटण दाबावं आणि ते लपेल असं समजावं, म्हणूनही आला. मी आवाज खाली ठेवून विचारलं, "तुला नोकरी नकोय का?"

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं आणि तो पलंगावर बसला. "त्यात ते पण क… कळतं?"

"सगळं कळतं. का करतोस ते तेवढं कळत नाही."

बोलताना तो मध्येच अडखळतो, हे मला ठाऊक होतं. शब्द अडला की तो मी पुरवते, त्याला बरं वाटतं, गाडी पुढे जाते. हॉटेलात ऑर्डर मी देते, फोन मी करते. आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे असं आम्ही हसून सांगतो. जुन्या ऑफिसात सगळे त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते, तिथे कधी घोडं अडलं नाही.

"पहिलाच प्रश्न असतो," तो म्हणाला. "तुमचं नाव सांगा. बाकीचे शब्द मला ब… बदलता येतात. एक आला नाही की मी दुसरा घेतो. नावाला दुसरा शब्द कुठून आणू? समोरचे बघत बसतात, माझं तोंड उघडंच राहतं. मग हात जातो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

"मी त्यांना आधी मेल करून कळवू का?" मी विचारलं.

"नको. तू नको."

"बरं. मग मी इथे बसू?"

त्याने लॅपटॉप माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवला. "बस. पण बोलू नकोस."

बारा वाजता पडद्यावर तिघं आले, एक बाई आणि दोन पुरुष. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने कपाटाला टेकून बसले. नमस्कार झाले. बाई हसून म्हणाली, "मशीन आज साथ देणार ना? चला, तुमचं नाव आणि थोडी ओळख सांगा."

त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. जबडा ताठरला, मानेची शीर वर आली. त्याचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, एवढंच नाव, मी एका श्वासात सांगितलं असतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्याचा उजवा हात कीबोर्डच्या कोपऱ्याकडे सरकला आणि बोट बटणावर टेकलं.

"हॅलो?" बाई म्हणाली. "चित्र अडकलंय वाटतं. तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम आहे का? हवं तर बंद करून पुन्हा जोडता?"

सुटकेची वाट त्यांनीच दाखवली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी श्वास रोखून त्या बोटाकडे बघत होते.

त्याने बोट उचललं आणि हात टेबलावर सपाट ठेवला.

"न… नेट ठीक आहे," तो म्हणाला. "मशीनही ठीक आहे. मी अ… अडखळतो. तुम्हाला ज… जरा थांबावं लागेल."

"थांबतो की," त्यातला वयस्कर पुरुष म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकून बसला.

ते थांबले. मीही थांबले. बराच वेळ लागला, आणि मग त्याने आपलं नाव सांगितलं, आडनावासकट.