शेवटच्या रिळाचा साक्षीदार

रविवारी दुपारी चारला मी माझ्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो, आणि मागच्या डोळे तपासायच्या खोलीत आमची सिनेमाची बैठक भरते. माणसं मोजून तीन. मी, समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांना आम्ही कात्रीताई म्हणतो. हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडलं असं लोकांना वाटतं. ते त्यांच्या जिभेवरून पडलंय. एखादा सिनेमा कंपाउंडरने डोक्यावर घेतला की त्या दोन वाक्यांत त्याच्या चिंध्या करतात.

बैठकीचा नियम एकच आहे. अर्धवट पाहिलेल्या सिनेमावर तोंड उघडायचं नाही. उघडलं, तर महिनाभर सगळ्यांचा चहा आपण करायचा. कंपाउंडरने आजवर पाच वेळा ही शिक्षा भोगली आहे, कारण त्याला मध्यंतरानंतर हमखास डुलकी लागते. नियम मी केला. आणि तो सगळ्यात आधी, सगळ्यात वाईट रीतीने मीच मोडला, हे सोळा वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

‘सातवा जिना’ हा सिनेमा म्हणजे आमचं दैवत. एकाच इमारतीत राहणारे भाऊ-बहीण, तो सातव्या मजल्यावर, ती तळमजल्यावर. काहीतरी बिनसतं आणि बोलणं तुटतं. अख्खा सिनेमा जिन्यात घडतो. शेवटी पडदा काळा होतो, जिन्यावर पावलं वाजू लागतात आणि तिथेच सिनेमा तुटतो, कारण तेव्हा तो चालला नाही, फारसा कुणी पाहिला नाही, आणि शेवटचं रीळ फार पूर्वी हरवलं. जगात जेवढ्या प्रती उरल्या, त्या सगळ्या तिथेच तुटतात. पावलं कुणाची, यावर लोकांनी दोस्त्या तोडल्या आहेत.

सोळा वर्षांपूर्वी आमच्यातही तेच चाललं होतं. कंपाउंडर म्हणाला, "घरमालकाची असतील." मला हसू आलं आणि मी बोलून गेलो, "मी पाहिलंय शेवटचं रीळ. सिनेमा लागला त्या पहिल्याच आठवड्यात."

पहिल्या आठवड्यात मी थिएटरात गेलो होतो, हे खरं. एकोणीस वर्षांचा होतो. पण शेवटची पंधरा मिनिटं मी पोट धरून संडासात बसलो होतो, हेही तितकंच खरं. आता हे कुणाला सांगणार? खोटं बोल पण रेटून बोल. मी सांगितलं की पावलं भावाची. तो सात मजले उतरून येतो, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. दार ठोठावत नाही, नुसता उभा राहतो. बहीण दार उघडते आणि म्हणते, "पाय पुसून ये." बस्स.

कात्रीताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्या दिवसापासून माझा भाव वधारला. दुसऱ्या गावचे सिनेमावेडे मुद्दाम दुकानात येऊन मला तो शेवट सांगायला लावायचे. मी दरवेळी थोडा मीठमसाला वाढवायचो.

इथवर असतं तर थाप म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात कात्रीताई नंबर तपासायला आल्या आणि तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता थांबल्या. "मलाही थोरला भाऊ आहे," त्या म्हणाल्या. "आईच्या शेवटच्या दुखण्यात एकमेकांना नको ते बोललो. बारा वर्षं झाली. मी त्याच्याकडे जायचं ठरवत होते. पण तुमचा शेवट ऐकला आणि वाटलं, नाही, थोरल्यानेच यायचं असतं. तो येईल. मी वाट बघीन."

मी त्यांच्या डोळ्यांवरची काच बदलली आणि विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय?" एवढंच. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भाऊ काही आला नाही, आणि मी दर वर्षी त्यांना नवा नंबर काढून देत राहिलो.

या मंगळवारी माझ्या भाचीचा फोन आला. जुने सिनेमे साफसूफ करणाऱ्या एका स्टुडिओत ती काम करते. "मामा, बसलायत ना? ‘सातवा जिना’चं शेवटचं रीळ सापडलंय! बंद पडलेल्या एका लॅबच्या कपाटात होतं. रविवारी त्याची कॉपी घेऊन येते. कंपाउंडरकाकांना सांगूनसुद्धा टाकलं!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बुधवारी मी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्याच नंबरचा चष्मा दिला. गुरुवारी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पोट बिघडलंय का?" मी म्हटलं, "चाळीस वर्षांपूर्वी बिघडलं होतं." ती वैतागून आत गेली. शुक्रवारी कात्रीताई दुकानात डोकावल्या, हातात मापाची टेप तशीच. "रविवारी मी लवकर येते," म्हणाल्या. "पाहिलेल्या माणसाच्या शेजारी बसून पाहायचंय मला." रात्रभर मी छताकडे बघत होतो.

रविवारी सकाळी मी प्रोजेक्टरची वायर फ्रेमांच्या खणात लपवली. या वयात! भाची आली, पिशवी उघडली आणि म्हणाली, "तुमच्याकडे वस्तू जागेवर नसतात, म्हणून मी माझीच वायर आणलीय."

आधी रिवाजाप्रमाणे आठवड्याचा आढावा झाला. कंपाउंडर नुकत्याच लागलेल्या एका मारामारीच्या सिनेमाबद्दल उत्साहाने सांगू लागला. "नायक पुलावरून गाडीसकट नदीत पडतो आणि पोहून वर येतो. काय सीन आहे!"

"वर आल्यावर शर्टाला इस्त्री तशीच होती," कात्रीताई म्हणाल्या. "मी बघून आले. शिंप्याला मानलं, बाकी कुणाला नाही."

भाची हसून हसून बेजार झाली. मीही हसलो असेन. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मला वाटत होतं, कंपाउंडरने अजून बोलावं, सहा वाजेपर्यंत बोलावं, दवाखान्यातून कुणीतरी त्याला हाक मारावी, वीज जावी. काहीच झालं नाही. भाचीने दिवा घालवला.

सिनेमा आम्हाला पाठ होता. तरी पडदा काळा झाला तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पावलं वाजू लागली. मग, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, पडदा उजळला.

पाय बाईचे होते. आणि ते वर चढत होते.

बहीण एकेक मजला चढते. चौथ्यावर धापा टाकत बसते, एका शेजारणीला पाणी मागते, पुन्हा उठते. सातव्या मजल्यावर दार ठोठावते. दार उघडतं. कोण उघडतं ते दिसत नाही, फक्त तिचा चेहरा दिसतो. समाप्त.

भाचीने दिवा लावला. मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं बघत बसलो.

"अहो, हे तर भलतंच!" कंपाउंडर म्हणाला. "तुमची ती चप्पल कुठाय? आणि ते ‘पाय पुसून ये’?"

भाचीनेच मला हात दिला, बिचारीने अगदी मनापासून. "अहो काका, दोन शेवट काढले असतील. तेव्हा असं करायचे. पहिल्या आठवड्यात एक दाखवला, नंतर बदलला. मामांनी पाहिलेला बहुतेक कायमचा गेला."

"हां, असंच असणार," कंपाउंडर लगेच म्हणाला. त्याचं पटकन समाधान होतं.

मी सुटलो होतो. नुसती मान हलवायची होती. माझा मान राहिला असता, भाव आणखी वाढला असता, हरवलेल्या शेवटाचा मी एकटाच साक्षीदार उरलो असतो.

कात्रीताई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. "दोन होते का हो?" त्यांनी विचारलं.

त्यांना ‘हो’ हवं होतं, हे मला दिसत होतं. ‘हो’ म्हटलं की त्या घरी जाणार आणि पुन्हा वाट बघत बसणार. थोरला म्हणजे आता पंचाहत्तरच्या पुढे असणार.

"नाही," मी म्हटलं. "एकच आहे. हाच. मी शेवट पाहिलाच नव्हता. तेव्हा मी संडासात होतो."

कंपाउंडरला हसू फुटलं आणि माझा चेहरा बघून ते मध्येच विरलं. भाची वायर गुंडाळायची थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कात्रीताईंनी हात वर केला.

"सोळा वर्षं मी दिवसा दाराला कडी लावली नाही," त्या म्हणाल्या. "बाजारात गेले तरी नुसतं लोटून जायचे. दोनदा चोरी झाली."

मग त्यांनी चष्मा डबीत ठेवला, पर्स घेतली आणि माझ्याकडे न बघता भाचीला विचारलं, "तुझ्या फोनवर बसच्या वेळा दिसतात ना? बघ बरं, संध्याकाळची आहे का एखादी." त्यांनी भावाच्या गावाचं नाव सांगितलं. तीन तासांचा रस्ता. भाचीने पाहिलं. पावणेसातची होती.

"मी येतो सोबत," मी म्हटलं. "मी भाऊंना सांगतो, चूक माझी होती."

अर्ध्या शटरखालून वाकून जाताना त्या थांबल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथेही काहीतरी सांगाल."