मुंगीच्या डाव्या हातातला चेंडू

माझ्याकडे पाहून पटणार नाही, पण मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल आहे. एके काळी माझा रंग पिकलेल्या संत्र्यासारखा होता. आता तो जुन्या कौलासारखा झाला आहे. अंगावरचे बारीक दाणे झिजून गुळगुळीत झाले आहेत आणि दर आठ दिवसांनी माझ्यात हवा भरावी लागते. मी कुठल्याही मोठ्या सामन्यात खेळलेलो नाही. माझे बहुतेक आयुष्य तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेले. त्यामुळे माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे का, अशी शंका मला अजूनही येते. पण ज्या माणसांच्या हातांत मी झिजलो, ती माणसे नक्कीच सांगण्याजोगी आहेत. म्हणून धीर करतो.

कारखान्यात आधी माझा रबरी फुगा झाला, मग त्यावर दोरा गुंडाळला गेला आणि शेवटी तापलेल्या साच्यात माझ्या कातडीवर दाणे उमटले. नंतर बरेच दिवस मी दुकानाच्या दारात जाळीत लटकत होतो. एकदा दवाखान्याच्या काउंटरवर काम करणारी एक बाई आली. कलिंगड पारखावे तसे तिने मला थोपटून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, “नीट उसळतो ना? पोरीला दोनच महिने मिळालेत.”

ती पोरगी म्हणजे मुंगी. वर्गात सगळ्यांत बुटकी आणि एका जागी न ठरणारी, म्हणून घरात तिला हेच नाव पडले होते. शाळेच्या बास्केटबॉल संघात जायचे, एवढी एकच गोष्ट तिच्या मनात होती. पहिल्या निवडीत खेळाच्या बाईंनी तिला परत पाठवले होते, कारण चेंडू मारताना तिची मान सारखी खाली असे. बाई म्हणाल्या होत्या, तू चेंडूकडे बघत बसलीस तर समोरचं कोण बघणार? दोन महिन्यांनी दुसरी निवड होती, आणि तीच शेवटची. शाळेचे मैदान संध्याकाळपर्यंत मोठ्या मुलींच्या ताब्यात असायचे. म्हणजे सराव करायचा तर घरातच.

पहिल्या दिवशी मी फरशीवर जेमतेम चार उड्या मारल्या असतील, तोच दार वाजले. खालच्या मजल्यावर राहणारी परिचारिका आली होती. ती भांडली नाही. तिचे डोळे तांबारले होते. ती एवढेच म्हणाली, “रात्रभर पायांवर उभी असते हो मी. दिवसा झोपले नाही तर पेशंटला भलतंच औषध जाईल हातून.” मुंगीची आई ओशाळली. साडेचारनंतर तासभरच चेंडू आपटायचा, असे ठरले.

आणि मग मुंगीचे आजोबा पुढे सरसावले. खरे तर सरसावणे हा त्यांचा स्वभावच नव्हता. चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते, उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचली होती, आणि उरलेला वेळ पुस्तकात डोके घालून काढला होता. जन्मात त्यांनी एक चेंडू झेलला नव्हता. “मला काय कळतंय त्यातलं,” असे दहा वेळा म्हणत ते वाचनालयात गेले आणि बास्केटबॉलवरचे एक पुस्तक घेऊन आले. त्यातले सगळे व्यायाम त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले. आवाज होणारे एका पानावर, न होणारे दुसऱ्या पानावर.

शाळा सुटल्यापासून साडेचारपर्यंत बिनआवाजाचे पान चाले. मला कमरेभोवती फिरवायचे, पायांतून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे काढायचे, बोटांच्या टोकांवर या हातातून त्या हातात टोलवायचे, पाठीवर पडून छताकडे फेकायचे पण छताला लावायचे नाही. कपड्यांच्या फुटक्या टोपलीचा काठ आईने दारावर घट्ट बांधला आणि मागे जाड गोधडी लटकवली. ते आमचे बास्केट. मी त्यातून पडलो की मुंगी मला खाली टेकायच्या आत झेलायची.

साडेचारला मात्र मजा असे. मुंगीची मान वर राहावी म्हणून आजोबा तिच्या समोर गोष्टीचे पुस्तक उघडून धरत. मला एका हाताने आपटत तिने ते मोठ्याने वाचायचे. पहिल्या आठवड्यात एका वाक्याला मी तीनदा पलंगाखाली जायचो. “स्वल्पविरामाला थांब, चेंडूला थांबवू नकोस,” असे आजोबा म्हणत. महिन्याभरात मुंगीने मला आपटत आपटत अख्खे पुस्तक संपवले, वर राजपुत्र फार रडका आहे म्हणून तक्रारही केली. मित्रांनो, मी कारखान्यातून निघालेले पुष्कळ चेंडू पाहिले, पण असे वाचन ऐकायला मिळालेला चेंडू माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्यात एक घोळ चालला होता आणि तो एकट्या मला ठाऊक होता. प्रत्येक कृती आजोबा आधी स्वतः करून दाखवत, तिच्या समोर उभे राहून, चेंडूशिवाय. ते उजवा हात हलवत. मुंगी आरशात बघावे तसे करायची, म्हणजे डावा हात हलवायची. दुसऱ्या कुणाला ते खटकले असते. पण जन्मभर उलटे वाचलेल्या आजोबांच्या डोळ्यांना ते अगदी बरोबर दिसत होते. मुंगीच्या उजव्या हाताचे, पेन्सिल धरून घट्टा पडलेले बोट माझ्या अंगाला फारसे लागतच नव्हते. मला ते कळत होते, पण चेंडूला तोंड कुठले?

निवडीला आठ दिवस उरले असताना आई कामावरून लवकर आली आणि दारातच उभी राहिली. बराच वेळ बघून तिने विचारले, “मुंगे, तू चेंडू डाव्या हाताने कधीपासून मारायला लागलीस?”

“आजोबा दाखवतात तसाच मारते,” मुंगी म्हणाली.

आजोबांनी आपला हात वर केला, त्याच्याकडे पाहिले, मग मुंगीच्या हाताकडे पाहिले. ते पलंगावर बसले आणि त्यांची मान खाली गेली. “सात आठवडे,” ते म्हणाले. “पोरीचे सात आठवडे मी मातीत घातले. नसत्या भानगडीत पडलोच कशाला.” त्यांनी वही कपाटावर टाकली. आईने समजावले, मुंगीने हात ओढला, पण ते उठले नाहीत. पुढचे दोन दिवस मी पलंगाखाली धूळ खात पडलो. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस ते.

तिसऱ्या दिवशी दार वाजवले ते पुन्हा खालच्या परिचारिकेनेच. घरात कुणी आजारी आहे का, असे तिने विचारले. साडेचारला चेंडू वाजला की ती उठायची, म्हणून तिने घड्याळाचा गजर लावणे कधीच सोडले होते, आणि आता लागोपाठ दोन दिवस तिला कामावर उशीर झाला होता. आईने सारी हकीकत सांगितली. परिचारिका आधी पोट धरून हसली. मग आजोबांसमोर खुर्ची ओढून बसली.

“पेशंटचा पलंग भिंतीला चिकटलेला असला की मला सुई डाव्या हातानेच लावावी लागते,” ती म्हणाली. “ते जमायला मला वर्ष लागलं. हिचं सात आठवड्यांत झालं. आता उजवा राहिलाय, तर उजवा शिकवा. असं सुतकी तोंड करून काय बसलाय?” आणि जाता जाता तिने सांगून टाकले, या आठवड्यात तीनपासूनच सुरू करा, मी कानात कापूस घालते. रात्रभर उभे राहणाऱ्या बाईने आपल्या हक्काच्या झोपेतला दीड तास काढून दिला. तिचे नाव आमच्या घरात आजही आदराने घेतात.

आजोबांनी वही खाली काढली. या वेळी ते मुंगीच्या समोर नव्हे, शेजारी उभे राहिले. उरलेल्या दिवसांत उजव्या हाताला जमले तेवढे जमले. सगळे जमले असे मी खोटे सांगणार नाही.

निवडीच्या दिवशी मी आजोबांच्या कापडी पिशवीत होतो. पिशवीचे तोंड उघडे होते, म्हणून कुंपणापाशी बसून मला सगळे दिसले. बाई बोटे उंचावत आणि चेंडू आपटत पळता पळता मुलींनी ती मोजून सांगायची. बहुतेकींची मान खालीच राहिली. मुंगीने बोटे सांगितली, आणि सवयीने बाईंच्या टी-शर्टवर लिहिलेलेही वाचून टाकले, तेव्हा सगळ्या मुली हसल्या. मग एक उंच मुलगी वाट अडवून उभी राहिली. ज्या आल्या त्या उजवीकडून गेल्या आणि अडकल्या. मुंगी डावीकडून निसटली, दोन पावले टाकली आणि डाव्या हाताने चेंडू बास्केटमध्ये टाकून आली. उंच मुलगी अजून उजवीकडेच हात पसरून उभी होती. मात्र उजव्या हाताने टाकायला सांगितले तेव्हा मुंगीचे तीनपैकी दोन चेंडू बाहेर गेले. आजोबांनी पिशवीवरूनच मला इतके घट्ट दाबले की माझी हवा जायचीच बाकी राहिली.

बाई चालत कुंपणापाशी आल्या. डावा हात तुम्ही तयार केलात का, असे त्यांनी विचारले. आजोबा गडबडून उभे राहिले. “हो, म्हणजे, चुकून झालं ते. तिचा उजवा माझ्यामुळेच मागे राहिला, त्यात तिचा दोष नाही.”

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिले. “उजव्याचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही डावा तेवढा बंद पडू देऊ नका.”

आजोबांना त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. मुंगीला लागला नाही. ती मैदान ओलांडून धावत येत होती.

मुंगी आता मोठी झाली आहे. तिच्याकडे माझ्याहून चांगले चेंडू आहेत, तरी हवा भरायला ती मला विसरत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उन्हात टाकून देऊ नका, आणि पंपाची सुई ओली केल्याशिवाय त्याच्यात हवा भरू नका. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात एखादे माणूस असेल, ज्याला स्वतःला खेळता येत नाही, तरी जे तुमच्यासाठी शिकायला निघते. ते चुकेल. चुकले तर त्याच्यावर रागावू नका. मुंगी रागावली नव्हती. त्या दिवशी आजोबांची मान खाली गेली तेव्हा मी तिच्या हातात होतो, आणि तो हात जराही आवळला नव्हता.