शिशाची कल्हई

मी एक जुना पितळी टोप आहे, मित्रांनो. कुडाळच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि सुलक्षणाताईंच्या लग्नात मी चारकोपला आलो. वीस वर्षे मी कोकमाचे सार उकळले. पितळेला आंबट चालत नाही, म्हणून आतून कथिलाची कल्हई लागते. या टोपातल्या साराची चव स्टीलला नाही, असे पाहुणे म्हणत. तेव्हा मला बरे वाटायचे. आता काही वाटत नाही.

पुढे कल्हईवाला येईनासा झाला. सुलक्षणाताईंचे यजमान चंद्रप्रकाश औद्योगिक वसाहतीत सर्किटची जोडणी करतात. हात कसबी. कारखान्यातली डाखाची, म्हणजे सर्किटचे सांधे वितळवून जोडायची, तार ते घरी घेऊन आले. "कथिलच आहे गं, आपणच करू," म्हणाले. मला तापवले, नवसागर टाकला, वितळलेली तार कापसाने फिरवली. मी झकास चमकलो. त्या तारेत कथिलाबरोबर शिसेही होते. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते.

वर्षभरात त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचे, प्रांजलचे, पोट दुखू लागले. पाठ असलेले पाढे आठवेनात. रक्त तपासले, तर त्यात शिसे निघाले; माझ्या कल्हईतून ते आंबट सारात उतरले होते. तिचा भाऊ प्रीतम तेच सार प्यायचा. त्याच्या रक्तातही शिसे होते, पण निम्म्याहून कमी.

डॉक्टर वसुधांनी या फरकाचे कारण सांगितले. प्रीतम मासे, नाचणी, पालेभाजी सगळे खायचा. प्रांजल भाजी ताटात बाजूला सारायची, तिच्या अंगात लोह फारच कमी होते.

"लोह कमी पडलं की आतडं अधाशासारखं ते शोधतं," डॉक्टर म्हणाल्या, "आणि शिसं त्याच दाराने आत शिरतं. लोह पुरेसं असतं, तर हिला एवढं चढलं नसतं."

सुलक्षणाताईंनी कुणालाच बोल लावला नाही. चंद्रप्रकाश एवढेच म्हणाले, "चमक बघून मीच खूश झालो होतो ना."

आता प्रांजल लोहाचे औषध घेते, लिंबू पिळून चवळीची पालेभाजी खाते. शिसे हळूहळू उतरते आहे. विसरलेले सगळे परत येईल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

मला भंगारात द्यायचे ठरले होते. पण कुणीतरी घासूनपुसून पुन्हा माझ्यात शिजवील, म्हणून चंद्रप्रकाशांनी ड्रिल आणले आणि माझ्या बुडाला चार भोके पाडली. मला दुखले नाही.

मित्रांनो, भांडे चमकते म्हणून भुलू नका, ती चमक कशाची ते विचारा. आणि ताटातली भाजी बाजूला सारू नका, अंगातली लोहाची जागा रिकामी ठेवू नका. माझ्यात आता पाणीसुद्धा राहत नाही. तेच बरे झाले.