ग्रंथालयाच्या पुढे गेलेली सायकल

विद्यापीठात तिला सगळे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की वेळापत्रक बाई. कोणता तास कोणत्या इमारतीत, कोणत्या खोलीत, हे ठरवणाऱ्या विभागाची ती प्रमुख. त्यामुळे आवारात कुणालाही कुठेही उशीर झाला, की खापर तिच्या डोक्यावर फुटायचं. प्रयोगशाळा टेकडीवर, भाषा विभाग खाली फाटकाजवळ. दोन तासांच्या मधल्या वेळात या टोकाहून त्या टोकाला पोचायचं म्हणजे मुलांची दमछाक व्हायची. प्राध्यापक कुरकुरायचे, मुलं कुरकुरायची, आणि ती कॉम्प्युटरवर रंगीत चौकोन इकडचे तिकडे सरकवत बसायची. चौकोन सरकायचे. टेकडी काही सरकायची नाही.

म्हणून सायकलींची कल्पना तिनेच काढली. आवारात ठिकठिकाणी स्टँड, मोबाइल दाखवला की कुलूप उघडणार, हवी तिथून घ्या, हवी तिथे सोडा. एका समितीनं नाही म्हटलं की ती दुसऱ्या समितीच्या दारात उभी राहायची. सुरक्षावाल्यांना वाटे चोऱ्या होतील, बागेवाल्यांना वाटे हिरवळ तुडवली जाईल. तिनं सगळ्यांची समजूत काढली. स्वस्थ बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. शेवटी मंजुरी आली, सायकली आल्या, स्टँड बसले, आणि कुलगुरूंनी तिला बोलावून घेतलं.

"फीत कापणं नको, भाषणं नकोत," ते म्हणाले. "पहिली सायकल तुम्ही घ्यायची, मॅडम. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत. आम्ही सगळे तुमच्या मागे."

"हो सर," ती म्हणाली.

पण तिला सायकल येत नव्हती.

लहानपणी घरात एकच सायकल होती. ती थोरल्या भावाची. भाऊ शिकायला बाहेर पडला, तो सायकल घेऊनच. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं पायी नाहीतर बसनं झालं. समितीत ती सीटच्या उंचीवर बोलली, टायरच्या जाडीवर बोलली, कुलपांवर तर तासभर बोलली. तुम्हाला स्वतःला येते का, असं तिला कुणी विचारलंच नाही. आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी ती घरात नुसती येरझारा घालत होती. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत. ओट्यावर कांदा अर्धा चिरून पडला होता.

"अगं, फरशी झिजेल," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर बारीक स्क्रू पिळून आलेला माणूस घरी शांतता मागायचा. "काय झालंय?"

"मला सायकल येत नाही."

तो आधी खो खो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "ताईला फोन करू?"

"मुळीच नको."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तिची मोटार चालवायला शिकवण्याची शाळा होती, आणि अर्ध्या शहरानं तिच्या शेजारी बसून शिव्या खाल्ल्या होत्या. नणंद-भावजयीचं एरवी बरं होतं. पण सासूबाई शेवटच्या दुखण्यात इस्पितळात होत्या, तेव्हा बिनसलं. कुणी कधी जायचं याचा घोळ होतोय, दोघं एकाच वेळी पोचतात आणि मग कुणीच नसतं, हे बघून हिनं आपल्या सवयीनं घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक केलं, रंगीत छापलं आणि प्रत्येकाच्या हातात दिलं. ताईनं ते सगळ्यांदेखत टराटरा फाडलं. "आई आहे ती माझी," ती म्हणाली होती, "तास नाही." तेव्हापासून दोघींचं बोलणं नवऱ्यामार्फत चालायचं.

ठरलेला दिवस जवळ येत चालला तसं तिचं कशात लक्ष लागेना. वर्गांच्या खोल्या चुकू लागल्या. एकदा तर दोन प्राध्यापकांना तिनं एकाच खोलीत धाडलं. ते दोघे तिच्या टेबलापाशी येऊन भांडले, आणि ती खिडकीतून खालच्या स्टँडकडे बघत राहिली. नव्या कोऱ्या निळ्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. तिला त्या आपल्यावर पाळत ठेवून असल्यासारख्या वाटल्या.

एका दुपारी ती गोदामामागच्या मोकळ्या जागेत एक सायकल घेऊन गेली. टांग टाकली, एक पाय पेडलवर ठेवला, दुसरा उचलला आणि क्षणात कुंपणाच्या तारेवर आदळली. पहारेकरी धावत आला.

"मॅडम! लागलं का?"

"नाही, नाही," ती कोपर झाकत म्हणाली. "मजबुती तपासत होते."

"कशाची, कुंपणाची?"

घरी जायच्या आधीच तिनं बसथांब्यावरून ताईला फोन लावला. नवऱ्याला न सांगता. सगळं एका दमात सांगून टाकलं. ताई हसू दाबतेय की राग, ते तिच्या आवाजावरून कळेना.

"उद्या सकाळी मैदानावर ये," ताई म्हणाली. "बूट घालून ये. आणि वेळापत्रक करून आणू नकोस."

ताईच्या शाळेचं मैदान म्हणजे सिमेंटची मोठी फरशी. तिच्यावर पांढरे पट्टे आखलेले आणि कडेला रबरी शंकू मांडलेले. ताईनं शेजाऱ्याची सायकल आणून ठेवली होती. तिनं सीट खाली घेतली आणि पान्यानं दोन्ही पेडलं काढून टाकली.

"अहो ताई, मग मी चालवू कशी?"

"तू चालवायची नाहीस. तू बसायचंस, आणि पायानं जमीन ढकलत जायचंस. लहान पोरं तीनचाकी पायानं रेटतात तसं. तोल आला की पेडलं देईन."

चाळिशी उलटलेली बाई त्या पट्ट्यावरून बदकासारखी डुलत निघाली. कडेला मोटार शिकायला आलेले दोघे-तिघे उभे होते. त्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. ती पडली. उठली. परत पडली. ताई हाताची घडी घालून लांब उभी.

"धरा की जरा मागून!" ती वैतागून ओरडली.

"मोटारीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. समोरच्याचं चुकलं की मी दाबते," ताई म्हणाली. "सायकलला तसला ब्रेक नाही. मी काय करू?"

रोज सकाळी ती तिथे जाऊ लागली. नवऱ्याला कळलं, पण त्यानं शहाणपणानं काही विचारलं नाही. हळूहळू पाय जमिनीवरून जास्त जास्त वेळ उचललेले राहू लागले. मग पेडलं परत बसली. सरळ जाणं जमलं. डावीकडे वळणं जमलं. उजवीकडे वळताना अजून जीव मुठीत धरावा लागायचा. थांबायचं म्हणजे तर तिला एकच उपाय ठाऊक होता, वेग आपोआप संपेपर्यंत वाट बघणं. ब्रेक दाबला की आपण हँडलवरून पलीकडे जाऊ, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दोघी फरशीच्या कडेला पाणी पीत बसल्या होत्या. तिच्या गुडघ्यावर नवी खपली धरली होती. ताई बाटलीचं झाकण लावत, उघडत, परत लावत बसली.

"ते तुझं वेळापत्रक," ताई एकदम म्हणाली.

"ताई, ते राहू द्या ना आता."

"ऐक तर. मी फाडलं. पण फाडायच्या आधी वाचलं होतं. आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून आम्ही सगळे तसेच जात राहिलो. तुला कुणी बोललं नाही." ताईनं झाकण पुन्हा उघडलं. "मंगळवारची सकाळ तू मला दिली होतीस. आई मंगळवारी सकाळी गेली. मी जवळ होते. तिचा हात माझ्या हातात होता. मी एरवी सकाळी कधी गेले नसते, माझे सकाळचे सगळे शिकाऊ ठरलेले असतात."

सकाळी ताई मोकळी नसते हे तिला माहीत होतं. तरी चौकोन भरताना तिथेच जागा उरली होती, म्हणून तिनं ते नाव घातलं होतं. त्यामागे दुसरं काहीच नव्हतं. हे सांगावं की नाही, याचा तिनं विचार केला.

"मी मुद्दाम नव्हतं तसं केलं," ती शेवटी म्हणाली. "जागा रिकामी होती."

"ते मला माहीत आहे गं," ताई म्हणाली. "ऊठ. उजवीकडून वळून दाखव."

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी. प्राध्यापक, कारकून, मुलं, फोटो काढणारे. कुलगुरूंनी हेल्मेट घातलं होतं आणि त्यात ते फार अवघडलेले दिसत होते. ताई गर्दीत मागे कुठेतरी होती. वेळापत्रक बाईनं सायकल घेतली, समोरचं झाड नजरेत धरलं आणि पेडल मारलं. निघाली. मागून घंटांचा किणकिणाट सुरू झाला. भाषा विभाग गेला, गोल चौक आला. तो डावीकडूनच होता. तिला घाम फुटला होता, पण सायकल पळत होती आणि वारा कानाला लागत होता.

मग ग्रंथालय दिसलं. पायऱ्यांसमोर माणसं टाळ्या वाजवत रस्त्यातच उभी होती. ब्रेक दाबायला हवा, हे तिला कळत होतं. बोटं ब्रेकवर होती. पण बोटं मिटेनात. आता आपण कुणाच्या तरी अंगावर जाणार म्हणून तिनं डोळे विस्फारले, हँडल जरासं डावीकडे दिलं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना बाजूनं ओलांडून ती पुढे निघून गेली. पुढे उतार. उताराखाली खेळाचं मैदान.

मागे कुलगुरू, कुलगुरूंमागे सगळे अधिष्ठाते आणि त्यांच्यामागे मुलं. बाईच पुढे चालल्या आहेत म्हटल्यावर कुणी थांबलंच नाही. आख्खी मिरवणूक उतारावरून धडधडत खाली आली. मैदानाच्या गवतात तिची सायकल आपोआप मंदावली, आणि ती एका कुशीवर हळूच कलंडली.

कुलगुरू धापा टाकत जवळ आले. "मॅडम, मार्ग बदलला का?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. मार्ग बदलला, नव्या स्टँडची जागा दाखवायची होती, काहीही चाललं असतं. ती गवतात बसल्या बसल्या म्हणाली, "नाही सर. मला थांबता आलं नाही. मी आत्ता आत्ताच शिकलेय. परवापर्यंत मला सायकल येतच नव्हती."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू सगळ्यांत पसरत गेलं. कुलगुरूही हसले. तिचे कान तापले होते. एवढी माणसं हसत असताना उठून उभं राहणं तिला पडण्यापेक्षा जड गेलं.

पण त्याच दुपारी ग्रंथपाल बाई तिच्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मलाही येत नाही. तुम्ही कुठे शिकलात?" मग लेखा विभागातली एक आली. मग इतिहासाचे वयस्कर प्राध्यापक आले, आणि आपण हे आपल्या मुलीसाठी विचारतोय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. तिनं ताईला फोन केला. पुढच्या आठवड्यापासून मैदानावर सकाळी वर्ग भरू लागला. ताई लांबून सगळ्यांवर ओरडायची, आणि अधूनमधून वर्ग संपल्यावर भावाच्या दुकानात न जाता सरळ भावजयीच्या विद्यापीठातल्या खोलीत येऊन बसायची.

सायकली सुरू झाल्या की जिवाला स्वस्थता येईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उशिराच्या तक्रारी कमी झाल्या हे खरं, पण दुसरंच घोडं अडलं. सकाळी मुलं टेकडीवरून सुसाट खाली यायची आणि वर जाताना मात्र चढ नको म्हणून चालतच जायची. दुपार होईतो टेकडीवरचा स्टँड ओस पडायचा, आणि फाटकापाशी सायकलींचा ढीग. वर नेऊन सोडायला एक टेम्पो मागितला, तर वाहतूक समितीनं पुढच्या बैठकीत बघू म्हणून सांगितलं.

"दुपारचे टेकडीवरचे तास कमी कर ना," ताईनं सुचवलं. "तूच ठरवतेस ते."

"प्रयोगशाळा खाली आणू का?"

"मग बस बोंबलत."

त्या दिवशी ती टेकडीवर गेली, तेव्हा रिकाम्या स्टँडपाशी पाच-सहा मुली वह्या कवटाळून उभ्या होत्या.

"मॅडम, सायकली येतात का परत?" एकीनं विचारलं. "आमचा खाली तास आहे."

"येतात," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच चीड आली. समितीची बैठक व्हायला अजून अवकाश होता. ती तशीच पायवाटेनं खाली उतरली, जवळजवळ पळतच. ढिगातली हाताला लागली ती सायकल तिनं ओढून काढली आणि चढाला लागली. अर्ध्यावर दम संपला. ती उतरली, हँडल धरलं आणि ढकलत निघाली. मागून कुणीतरी हाक मारली. इतिहासाचे प्राध्यापक दुसरी सायकल ढकलत येत होते.

"मुलीसाठी?" तिनं धापा टाकत विचारलं.

"नाही," ते म्हणाले, "आता माझ्यासाठीच," आणि दोघं वर चढू लागले.