नळीतला दाणा

परिषदेच्या छापील पत्रिकेवर तिसऱ्या ओळीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. ‘कै. सार्जंट नाथाजी घाडगे यांना आदरांजली, दोन मिनिटे’ असं तिच्यावर टाइप केलेलं होतं. शालननं पत्रिका उन्हात धरली, तशी पट्टीखालची मूळ ओळ दिसली. ‘पाहुणे वक्ते : श्री. नाथाजी घाडगे, हवाई दल (निवृत्त). विषय : विमानाची रोजची तपासणी. वीस मिनिटे.’

माणूस गेला आणि वीस मिनिटांची दोन मिनिटं झाली. शालननं पत्रिकेची घडी घालून पर्समध्ये ठेवली. पर्समध्ये वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातची अकरा पानं होती आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक रिकामी बाटली. अगदीच रिकामी नव्हती. तिच्यात तांदळाचा एक दाणा होता.

आप्पांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. परिषदेचं बोलावणं आलं ते दिवाळीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या हलक्या विमानांची परिषद, कडेगावच्या पलीकडल्या माळावर, साखर कारखान्याच्या धावपट्टीशेजारी मांडव घालून. पुण्याचे वैमानिक येणार, कोल्हापूरचे येणार, फवारणीवाले येणार, आणि त्या सगळ्यांपुढं एक निवृत्त मिस्त्री बोलणार. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, “आता तारीखच पडली. बरं झालं.” त्याच रात्री त्यांनी लिहायला घेतलं. दोन महिने लिहीत होते. शालन साताऱ्याच्या वाचनालयात नोकरीला. रविवारी घरी आली की ते तिला एखादं पान वाचायला देत आणि शेजारी बसून तिचं तोंड बघत. शेवटचं पान लिहून झालं, तिसऱ्या दिवशी सकाळी पंपावर हातपाय धुता धुता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

त्या अकरा पानांत काय आहे, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. शालनला आणि तिच्या आईला.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. एकाहत्तर साली उसावर पाकोळी ही कीड पडली आणि कारखान्यानं फवारणीचं विमान आणलं. चालवायला पुण्याचे कॅप्टन बर्वे, निगा राखायला नाथाजी. ऊस पुरुषभर उंच. वरून वैमानिकाला कळावं कसं, कुठवर मारलं आणि कुठून मारायचं? म्हणून बांधावर एक माणूस उभा करत. हातात उंच बांबू, बांबूला पांढरं धोतर. विमान एकदा वरून गेलं की त्यानं पंधरा पावलं सरकायचं आणि पुन्हा बांबू उभा धरायचा. या कामावर माणचा हरिबा होता, मेंढरं राखणारा. उभा जन्म चालण्यात गेलेला. त्याचं पाऊल मापल्यासारखं पडे. बर्वे म्हणायचे, “हरिबा आहे तोवर मला फूटपट्टी नको.”

त्या वर्षी खंडेनवमीला विमानाची पूजा झाली. गावात नांगर पुजला, कारखान्यात यंत्रं पुजली, मग विमानानं काय घोडं मारलं होतं? झेंडूचे हार आले, नारळ फुटला, हरिबानं ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणून चाकांवर मूठभर भंडारा उधळला. पिवळा धूर झाला आणि लोक हसले.

पूजा आटोपली तसं विमान उडालं. वर गेल्यावर बर्व्यांनी बघितलं, तर वेगाचा काटा शून्यावरच. डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी असते. तिच्या तोंडातून वारा आत शिरतो आणि त्या वाऱ्याच्या जोरावर काटा हलतो. वेग कळेना तेव्हा बर्व्यांनी अंदाजानं विमान उतरवलं. ते फार वेगात आलं, धावपट्टी संपवून थेट उसात घुसलं. पंख मोडला. बर्व्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकी जीव वाचला.

कुणीतरी म्हणालं, “भंडाऱ्यानं नळी बुजली.” ‘कुणीतरी म्हणालं’ असं एकदा झालं की मग सगळेच म्हणू लागतात. पिवळा धूर सगळ्यांनी पाहिला होता. कारखान्याचे चेअरमन नानासो संध्याकाळीच हरिबाला म्हणाले, “पुन्यांदा या माळावर पाय ठिवायचा न्हाई.” नाथाजी तिथंच उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी काढून सुईनं साफ केली. आतून भंडारा निघाला नाही. कुंकवात घट्ट बसलेला एक लाल तांदूळ निघाला.

हत्याराच्या टोकाला गंध लावायचं, गंधावर अक्षता चिकटवायच्या, ही नाथाजींच्या घरची रीत. तलवार असो, विळा असो, टोकाला गंध. विमानाचं टोक कुठलं? नाथाजींना वाटलं, नळीच. नळीवर कापडाची टोपी असते, ती पूजेपुरती त्यांनीच काढली होती, कारण देवापुढं हत्यार झाकून ठेवत नाहीत. कुंकवाच्या ओल्या गंधावर त्यांच्याच अनामिकेनं दाणे बसवले. हवाई दलात अठरा वर्षं विमानं तपासलेल्या माणसानं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्या उद्याला तीन वर्षं लागली.

निघायच्या दिवशी सकाळी आई चुलीपुढं होती. बनुबाईंचं कपाळ आता मोकळं होतं, तिकडं बघायची शालनला अजून सवय झाली नव्हती.

“वाचनारच हाईस?”

“हो.”

“शाल द्याला बोलावलंय त्यांनी. गेल्या मानसाला शाल मिळतीया, तर मिळू दे की. तूच त्याच्या अंगावर चिखल उडवनार?”

“आई, हे त्यांनीच लिहिलंय.”

“लिवलंय ते मलाबी ठावं हाय.” बनुबाईंनी भाकरी तव्यावरून विस्तवापुढं उभी केली, ती फुगेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जानारच हाईस तर खाऊन जा. उपाशी बोललीस तर आवाज न्हाई निघायचा.”

त्याआधी आठ दिवस शालन औंधला जाऊन आली होती. हरिबाची मेंढरं यमाईच्या डोंगराखाली उतरली आहेत, असं बाजारात कळलं होतं. हरिबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. आप्पांचं भाषण वाचणार आहे, त्यात तुमचंही नाव आहे, ऐकायला या, एवढं तिनं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं.

“आन मी येऊन काय करू?” तो म्हणाला. “मला माळ बंद हाय.”

“माळावर नका येऊ. कुंपणाच्या बाहेर उभं राहिलात तरी चालेल.”

“आन मेंढरं?”

“ती पण आणा.”

“आवं ताई, मेंढरास्नी काय भाशेन कळतंय व्हय?” हरिबा म्हणाला खरं, पण येतो म्हणाला नाही.

आता मांडवात माणसं जमली होती. पलीकडे एक पिवळं विमान उभं होतं. दुपारी त्याचं प्रात्यक्षिक होतं आणि सकाळीच त्याची पूजा उरकलेली. पंखांवर झेंडू, नाकाडावर कुंकवाची बोटं. शालननं नजर फिरवली आणि थेट नानासोंकडे गेली.

“ये पोरी,” नानासो म्हणाले. फेट्याखाली त्यांचा चेहरा घामानं चमकत होता. “नाथाजीचा फोटू लावलाय बघ. तू पुढं याचं, शाल घ्याची, दोन शब्द बोलायचं.”

“मी त्यांचं भाषण आणलंय. पूर्ण वाचणार आहे.”

“आगं, पुन्याचं पाव्हनं बोलनार हाईत, येळ कुठनं आनायचा?”

“त्यात आप्पांनी स्वतःची चूक लिहिली आहे. एकाहत्तरच्या अपघाताची.”

नानासोंनी इकडंतिकडं पाहिलं. तिचा दंड न धरता, पण धरल्यासारखं करत, तिला मांडवाच्या खांबामागं नेलं. “मग तर वाचूच नगंस. मेलेल्या मानसाची चूक कोन इचारतंय? आन ते मिटलंय कवाच.”

“हरिबाचं नाही मिटलं.”

“त्यो कुठं आलाय भांडायला?”

“मला आधीच सांगायचं होतं, म्हणून सांगितलं,” शालन म्हणाली. “विचारायला नव्हते आले.”

ती वळली आणि कर्णे लावणाऱ्या गुंडा नावाच्या गड्याकडे गेली. मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार कर्णे, चारही आत तोंड करून.

“हा एक कर्णा कुंपणाकडं फिरवशील?”

“कुंपनाकडं? तिकडं बाभळी हाईत बाई. बाभळीस्नी भाशेन द्याचं व्हय?”

“फिरव.”

गुंडानं तिच्याकडे बघितलं, शिडी लावली आणि फिरवला. बाभळीच्या काटेरी कुंपणापलीकडे रस्त्यावर अजून कोणीच नव्हतं.

पहिले पाहुणे बोलले. कॅप्टन बर्वेही बोलले. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. हवामान, इंधन, धावपट्ट्या. पेंगणारे पेंगत होते, मागं कुणी कुणाला विचारत होतं, “आनि जेवान कवा हाय रं?” शालन मात्र बाभळीकडे बघत होती. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कुंपणाच्या खालच्या फटीतून तिला पांढरं काळं काहीतरी हलताना दिसलं. मेंढरांचे पाय.

ती उठली. नानासो शाल उलगडून उभेच होते, फोटोवाला पुढं सरसावला होता.

“आधी भाषण,” ती ध्वनिक्षेपकात म्हणाली, “मग शाल. भाषण ऐकून झाल्यावरही द्यावीशी वाटली, तर घेईन.”

मांडवात हशा पिकला. त्यांना वाटलं, पोरगी विनोद करतेय. नानासोंना हसावंच लागलं. तोवर तिनं पानं काढली होती.

“‘मित्रहो,’” तिनं वाचायला सुरुवात केली, “‘माझा विषय रोजची तपासणी हा आहे. तपासणी मी अठरा वर्षं शिकवली. एका सकाळी मी ती केली नाही, म्हणून तुमच्यापुढे उभा आहे.’”

पहिली पानं तिला जड गेली. आप्पांची वाक्यं आखूड होती, ती वाचताना त्यांच्या थांबण्याच्या जागाही आपोआप येत होत्या. मग नळी आली, टोपी आली, अनामिका आली. बर्व्यांनी हातातली पत्रिका गुडघ्यावर ठेवली.

“‘दोष हरिबाच्या भंडाऱ्यावर आला. भंडारा चाकांवर पडला होता. नळीत माझा तांदूळ होता. हरिबाला माळाबाहेर काढलं तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माहीत झालं. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मी माहीत असून गप्प राहिलो, आणि ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी आहे. पहिलीत एक हाड मोडलं. दुसरीत एका माणसाची भाकरी आणि नाव गेलं.’”

समोर तांब्या होता, पण ती पाणी प्यायली नाही. आता थांबलं तर कुणीतरी टाळ्या वाजवील आणि तेवढ्यावर भाषण संपेल, हे तिला कळत होतं. तिनं पुढचं पान घेतलं.

“‘पूजा करू नका, असं मी सांगत नाही. मीही करीन. पण नळीची टोपी काढू नका. आणि पूजा झाल्यावर, हार उतरवल्यावर, उडण्याआधी एकदा नळीत बघा. ज्यानं पूजा केली त्यानं नव्हे, दुसऱ्यानं बघा. आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.’”

तिनं पानं जुळवली. कुणी टाळी वाजवली नाही. नानासोंच्या हातात शाल तशीच होती. त्यांनी ती पुढंही केली नाही, मागंही घेतली नाही. मग हळूच टेबलावर ठेवून दिली.

बर्वे उठले आणि मांडवाबाहेर पडले, विमानाकडे. नळीवर टोपी नव्हती. ते खाली वाकले, डोळे बारीक केले, पुन्हा सरळ झाले. चष्मा खिशात चाचपला, सापडला नाही. मग बाभळीपलीकडे मेंढरांत उभा हरिबा दिसला, तसे कुंपणाकडे तोंड करून ओरडले, “हरिबा! अरे, तुझे डोळे अजून चांगले आहेत ना? इकडे ये.”

बाभळीमागून उत्तर आलं, “मला येऊ देत्याल व्हय?”

सगळ्यांचे चेहरे नानासोंकडे वळले. नानासोंनी फेट्याचा सोगा पुसल्यासारखा तोंडावरून फिरवला. “ये की,” ते म्हणाले. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाले, “ये रं हरिबा. मी चुकलो.”

फाटकातून हरिबा आत आला. घाई न करता, मापलेल्या पावलांनी. पंखाखाली गुडघे टेकून त्यानं नळीत पाहिलं. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “मोकळी हाय.”

लोकांची बोलणी सुरू झाली, कुणीतरी जेवणाच्या पंगतीचं पुन्हा विचारलं. हरिबा शालनपाशी येऊन उभा राहिला.

“भाशेन ऐकलं,” तो म्हणाला. “पर ह्ये नाथाजीनं सोता सांगाया पायजे हुतं.”

“सांगणारच होते. दिवसही ठरला होता.”

“व्हय. पर मला लय उशीर झाला.” त्यात राग होता आणि त्यानं तो लपवला नाही. शालननंही नजर खाली केली नाही. “त्यो दाना तुमच्यापाशी हाय व्हय?”

तिनं बाटली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. हरिबानं ती उजेडाकडे धरून हलवली. दाणा काचेवर टकटक वाजला. लाल रंग उडून विटकरी झाला होता.

“एवढाच?”

“एवढाच.”

मग त्यानं बाटली धोतराच्या सोग्यात बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

“ह्यो मी नेतो. बायकूला, रंगुबाईला दावतो. बाजारात बायका तिला बोलून दाखिवत्यात, तुज्या दाल्ल्यानं इमान पाडलं म्हनून.”

शालननं मान हलवली.

“आता इमान सुरू करतील,” हरिबा विमानाकडे बघत म्हणाला. “मेंढरं बिचकत्याल. आदी त्यास्नी पल्याड घालतो.”

आणि तो फाटकाकडे निघाला, धावपट्टीच्या कडेकडेनं, आपल्या नेहमीच्या पावलानं.