डावीकडचा मनोरा

“सर, मनोरा उजवीकडे आहे,” स्वराली म्हणाली.

“डावीकडे,” खांबेटे सर म्हणाले. उभा जन्म शिकवलेलं वाक्य, त्याला विचार करायला थोडाच वेळ लागतो!

पडद्यावर मेक्सिकोतल्या एका आडगावचं चर्च होतं. दर्शनी भिंत कोरीव वेलबुट्टीने अशी गच्च भरलेली, की बोट टेकवायला जागा नाही. एका अंगाला घंटेचा उंच मनोरा, दुसऱ्या अंगाचा बांधायचा राहून गेलेला. आर्किटेक्चर कॉलेज शहरातून वाघोलीला हललं, सर निवृत्त झाले, पण स्पॅनिश वसाहतींवरचा तास म्हटलं की जुन्या विद्यार्थ्यांना अजूनही हीच स्लाइड आठवायची. “आराखडा स्पेनहून आला, हात मात्र मेक्सिकोतल्या कारागिरांचे होते,” सर सांगायचे. “म्हणून बघा, द्राक्षांच्या वेलीत मक्याची कणसं घुसलीत.”

आता त्यांच्या सगळ्या स्लाइड्स स्कॅन करायचं काम स्वरालीकडे होतं. ती तिथली नवी प्राध्यापक, वयाने सरांच्या नातीएवढी. पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात संग्रहाचं उद्घाटन होतं आणि भिंतीवर पाटी लागणार होती. सर आज आले होते ते त्या पाटीसाठीच. त्यांच्या नावाखाली मंदाकिनीचं नाव यावं, एवढंच मागायचं होतं. मंदाकिनी म्हणजे त्यांची बायको. दिवाळीत गेली.

ती गेली तेव्हा सर रडले नाहीत. आमोद, त्यांचा मुलगा, म्हणाला, “बाबा, मोकळे व्हा.” व्हायचं कसं? दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. भूक लागली की जेवत होते, झोप आली की झोपत होते. लोक म्हणत, सरांनी फार छान सावरलंय.

या स्लाइड्स काढल्या कशा, तर घरी. सर कुठले मेक्सिकोला जाताहेत! साधा पासपोर्ट नव्हता माणसाकडे. मुंबईच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं उसनी आणायची, गॅलरीत उन्हात उघडायची आणि वर कॅमेरा धरून पानंच्या पानं टिपायची. फिल्म धुऊन आली की पुढचं काम मंदाकिनीचं. जेवणाचं टेबल पुसून ती एकेक चित्र कापायची, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायची आणि डाव्या कोपऱ्यात खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. ठिपका अंगठ्याखाली धरला की स्लाइड सुलटी. नखांना तिने ते कधी लावलं नाही. शेजारच्या बाईंनी बाटली बघून टोमणा मारलाच, “काय हो मंदाताई, या वयात नटणंबिटणं?” तर ही म्हणाली, “मी कसली नटतेय! मेक्सिकोला नटवतेय.”

“सर, हे बघा,” स्वरालीने मोबाइल पुढे केला. “मी स्ट्रीट व्ह्यूवर अक्षरशः त्या चौकात जाऊन आले.”

तेच चर्च होतं. समोर एक पांढरी गाडी उभी होती, कडेला फुगेवाला बसला होता. मनोरा उजवीकडे होता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मनोरा तिथेच होता.

“फिल्म उलट्या बाजूने धरली की असं होतं ना,” स्वराली म्हणाली. “आरशासारखं. बाकी सगळ्या परफेक्ट आहेत सर, ही एकच. भिंतीवर अक्षरं असती तर लगेच कळलं असतं.”

तेवढ्यात इंद्रजीत आत आला. सरांचा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख. प्रकार कळताच त्याला हसू आवरेना.

“म्हणजे सर, आमच्या अख्ख्या बॅचने परीक्षेत उलटं चर्च काढलं आणि तुम्ही त्याला मार्कही दिलेत?”

“परत घ्यायला तयार आहे,” सर म्हणाले.

“आणि वर तो डावखुरा संत तुम्हीच शिकवायचात!”

ते खरं होतं. युरोपातल्या चित्रांचे छाप जहाजातून मेक्सिकोला जायचे. ठसा कागदावर उमटताना उजवं ते डावं व्हायचं. तिकडच्या चित्रकारांनी मूळ चित्र जन्मात पाहिलेलं नसे. ते छापाबरहुकूम रंगवायचे, आणि संत बिचारा डाव्या हाताने आशीर्वाद देत राहायचा. यावर वर्ग हमखास हसायचा. सर दरवर्षी त्या हशासाठी थांबायचे.

“उद्घाटनाला मी हा किस्सा सांगणारच,” इंद्रजीत म्हणाला. “पण ठिपके लावायचं कोण? कोणाचा हा पराक्रम?”

स्वरालीही हसत सरांकडे बघत होती. दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात भरलेलं सभागृह असंच हसणार होतं, आणि ज्या बाईवर हसणार होतं तिला फिरून टोमणा मारता येणार नव्हता.

“मी,” सर म्हणाले. “ठिपके मीच लावायचो. घाईत चुकला असेल.”

“वाटलंच!” इंद्रजीत म्हणाला.

स्वरालीने एक बटण दाबलं. मनोरा उजवीकडे गेला. एवढंच काम होतं ते.

मग तिने पाटीचा नमुना पडद्यावर आणला. ‘प्रा. दिगंबर खांबेटे संग्रह’. खाली बरीच जागा मोकळी होती.

“इथे काही टाकायचंय का सर? रिकामं दिसतंय.”

“तुम्ही फोनवर म्हणाला होतात ना, एक विनंती आहे म्हणून?” इंद्रजीतला आठवलं.

सर त्या जागेकडे बघत राहिले. ठिपके तिचे नाहीत म्हटल्यावर नाव कशाबद्दल टाकायचं? बायको होती म्हणून? पाटीवर बायका टाकायला लागलं तर भिंत पुरायची नाही, हे इंद्रजीत बोलला नसता, पण पुण्यात कोणीतरी नक्की बोललं असतं.

“ही स्लाइड मला द्या,” ते म्हणाले. “एवढीच विनंती. तुमच्याकडे आता सुलटी आहेच.”

नगर रोडच्या गर्दीतून रिक्षा नारायण पेठेत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. सर जेवणाच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत बसले आणि स्लाइड ट्यूबलाइटकडे धरली. तेव्हा त्यांना आठवलं. ही पहिल्या फिल्ममधली पहिली स्लाइड. दोघांनाही काम नवीन होतं. चौकटीत बसवलेली फिल्म त्यांनीच अशी वर धरली होती, आणि ती समोरच्या खुर्चीतून मान उंचावून बघत होती. “लाव इथे,” ते म्हणाले होते, आणि तिने पलीकडूनच, तिच्या बाजूच्या डाव्या कोपऱ्यात, ठिपका दिला होता. पुढे ती सगळं एकटी करू लागली, आणि तिची एकही चुकली नाही.

ते उठले. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत बसले. दिवाळीपासून तिथे कोणी बसलं नव्हतं. ठिपका अंगठ्याखाली घेऊन त्यांनी स्लाइड पुन्हा वर धरली.

मनोरा डावीकडे होता.

“बरोबर आहे गं तुझं,” समोरच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सर म्हणाले, आणि हात भरून येईपर्यंत स्लाइड तशीच धरून बसले.